छापखान्याची पीडीएफ म्हणजे डिजिटल अंक नव्हे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सोलापुरातल्या एका हौशी पक्षिनिरीक्षक मंडळाचं त्रैमासिक तीस वर्षांहून जास्त काळ निघतं आहे. खासगी वितरणासाठी, ए-फोर आकार, ३२ पानं अधिक कव्हर, ३०० प्रती. मांडणी अजूनही पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या फाँटात होते. छपाई आणि टपाल मिळून खर्च वर्गणीच्या बाहेर गेला आहे. बाहेरगावी अंक रजिस्टर्ड बुक पोस्टानं जात असे, ती सेवाही डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. कमिटीतली तरुण मंडळी म्हणतात, ‘पीडीएफ ग्रुपवर टाका, खर्च शून्य.’ ज्येष्ठ म्हणतात, ‘कागद गेला की मंडळ गेलं.’ मागच्या दोन अंकांची पीडीएफ ग्रुपवर टाकून पाहिली. साठेक अंगठे आले, पण अंकातल्या मजकुराबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. संपादक विचारतात: ‘येत्या वर्षात छपाई बंद करावी का? आणि जुने अंक स्कॅन करून ठेवले की जतनाचं काम संपलं, असं समजायचं ना?’

---

संपादक महोदय,

ते साठ अंगठे ही पोच होती. अंक वाचला गेला असा त्याचा अर्थ नाही, आणि तुम्हालाही ते जाणवलं आहे, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत. वाचक का फिरकले नाहीत, याचं कारण मात्र ‘लोकांना वाचायचंच नाही’ इतकं सरळ नसावं. आधी एक साधा हिशेब करून बघा.

ए-फोर पान २१० मिलिमीटर रुंद असतं. फोनचा पडदा रुंदीला साधारण ६८ मिलिमीटर. म्हणजे पान पडद्यावर मावताना तिसऱ्या हिश्शाइतकं होतं आणि तुमची ११ पॉइंटातली अक्षरं साडेतीन पॉइंटांची दिसतात. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरंही याहून मोठी असतात. वाचायचं तर दोन बोटांनी पान मोठं करायचं, डावा कॉलम वाचत खाली जायचं, मग पुन्हा वर येऊन उजवा कॉलम शोधायचा. त्यात पीडीएफ समोरासमोरच्या जोडपानांची निघाली असेल तर कथाच संपली. विशीतला मुलगाही दुसऱ्या पानावर फाइल बंद करतो. ज्येष्ठांना फोन जमत नाही असं म्हणण्याआधी आपण त्यांच्या हाती काय दिलं ते पाहू या. नातवंडांचे व्हिडिओ उघडणाऱ्या माणसाला फोन जमतो. त्याला साडेतीन पॉइंटांची अक्षरं जमत नाहीत.

तेव्हा तुमच्या प्रयोगातून डिजिटल अंक अयशस्वी ठरला असं म्हणता येत नाही. छापखान्यासाठी केलेली फाइल फोनवर चालत नाही, एवढंच त्यातून ठरलं.

फोनसाठी मांडणी वेगळी करावी लागते. पान ९० बाय १६० मिलिमीटर, एकच कॉलम, समास पाच-सहा मिलिमीटर, मजकूर १३ पॉइंट, ओळींमधलं अंतर २० पॉइंट. मराठीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं असल्यामुळे इंग्रजीपेक्षा जास्त मोकळीक लागते. हे पान फोनवर सुमारे तीन-चतुर्थांश आकारात दिसतं, म्हणजे अक्षर दहाएक पॉइंटांचं, वर्तमानपत्राएवढं. पानं ३२ ची शंभरावर जातील. जाऊ द्या, बोटानं सरकवायला पैसे पडत नाहीत. अनुक्रमणिकेतल्या प्रत्येक शीर्षकाला मात्र त्या-त्या पानाचा दुवा द्या, नाहीतर शंभर पानांत माणूस हरवतो. फोटो १५० पीपीआयवर (इंचाला १५० ठिपके) आणि एसआरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांत घ्या. छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे चार शाईंच्या रंगांत केलेले फोटो काही फोनवर भडक, काहींवर मळकट दिसतात, आणि पक्ष्यांच्या अंकात पिसाऱ्याचा रंग चुकला तर ओळखच चुकते. सगळी फाइल आठ-दहा एमबीच्या आत बसवा. व्हॉट्सॲप याहून मोठी फाइल घेतं, पण सभासदाच्या फोनमध्ये तेवढी जागा नसते.

ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, हा आणखी एक पर्याय आहे. त्यात अक्षरं वाचकाला हवी तेवढी मोठी होतात आणि ओळी आपोआप तुटतात. लिब्रेऑफिस रायटरमधून ती फाइल थेट निघते. लेखांसाठी उत्तम, पण पक्ष्यांच्या याद्यांचे तक्ते ईपबमध्ये विस्कटतात. त्यातही ईपब उघडायला बऱ्याच जणांना वेगळं ॲप घ्यावं लागतं, आणि निम्मे वाचक तिथेच गळतात. सुरुवात पीडीएफनंच करा.

आता ‘खर्च शून्य’ या म्हणण्याकडे वळू. छपाई बंद केल्यानं कागद, प्लेटा, बाइंडिंग आणि टपाल वाचतं. लेख मिळवणं, तपासणं, मुद्रितशोधन, मांडणी यातलं काहीच वाचत नाही, उलट फोनची मांडणी हे नवं काम अंगावर येतं. दुसरी एक गोष्ट हिशेबात कधीच येत नाही: छापखान्याची तारीख. ‘बुधवारपर्यंत मजकूर दिला नाही तर मशीन दुसऱ्याच्या कामाला लागेल’ या धाकानं इतकी वर्षं तुमचे लेख वेळेवर आले. डिजिटल अंकाला असा धाक नसतो. अजून एक फोटो यायचाय, अजून एक दुरुस्ती राहिलीय, असं करत जानेवारीचा अंक गड्ड्याची यात्रा संपून होळी आली तरी निघत नाही. हौशी मंडळांचे डिजिटल अंक बंद पडतात ते बहुधा या ढिलाईनं. म्हणून पहिल्याच अंकात पुढच्या चारही अंकांच्या तारखा छापा आणि त्या दिवशी असेल तेवढ्या मजकुरात अंक काढा, बारा पानांचा निघाला तरी चालेल. अंक निघाल्यावर गुपचूप फाइल बदलायची नाही. चूक सापडली तर ‘आवृत्ती २, पान १४ वरील दुरुस्ती’ असं कव्हरवर लिहून नवी फाइल द्या. नाहीतर एकाच अंकाच्या तीन फाइली फिरत राहतात आणि कुठली खरी हे पाच वर्षांनी तुम्हालाही सांगता येणार नाही.

छपाई पूर्ण बंद करावी का? माझं मत: नाही, पण आजच्यासारखी चालूही ठेवू नये. ऑफसेटमध्ये खर्चाचा मोठा भाग प्लेटा आणि मशीन लावण्यातच जातो, त्यामुळे ३०० च्या १०० प्रती केल्या तर बिल एक-तृतीयांश होत नाही. प्रती शंभर-सव्वाशेच्या खाली येणार असतील तर डिजिटल प्रिंटचा भाव मागवा. तो पानावर असतो, प्रती कमी तर बिलही कमी. तीन अंक डिजिटल काढा आणि दिवाळीचा तेवढा चांगल्या कागदावर सर्वांसाठी छापा. मराठी घरात दिवाळी अंकाला आजही टीपॉयवर जागा मिळते, आणि जाहिरातदारही त्याच अंकासाठी हात सैल सोडतो. नवी पेठेतल्या दुकानदाराला वर्षाचं एकच पॅकेज सांगा: दिवाळीला छापील जाहिरात आणि तीन डिजिटल अंकांत नंबरावर बोट ठेवताच फोन लागेल अशी जाहिरात.

बाकीच्या तीन अंकांना ज्यांना कागदच हवा, त्यांच्यासाठी सोळा पानांचा सारांश-अंक करा. ए-थ्री आकाराचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध घडी आणि दोन पिना, झाला अंक. ७० जीएसएम कागदावर तो ३५ ग्रॅमच्या आसपास भरतो, आत्ताच्या अंकाच्या निम्म्याहूनही कमी. वेगळं कव्हर नको. अक्षर १४ पॉइंट ठेवा, कारण हा अंक घेणारे बहुतेक चष्म्याचेच असणार. चाळीस प्रती झेरॉक्सच्या चांगल्या दुकानातही निघतात. शहरातल्या प्रती जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड अशा भागांनुसार सभासदांनीच पोचवाव्यात. त्या निमित्तानं दारात दोन मिनिटं बोलणं होतं. ‘कागद गेला की मंडळ गेलं’ म्हणणाऱ्यांना बहुधा हेच बोलणं हवं असतं.

किती जणांना कागद हवा, हे वार्षिक सभेत हात वर करायला सांगून ठरवू नका. सभेत माणूस शेजाऱ्याकडे बघून हात वर करतो. फोन करून विचारा, आणि ‘डिजिटल चालेल का?’ असं नको. विचारा की मागची पीडीएफ उघडली होती का, कितव्या पानापर्यंत गेलात, जुने अंक घरी ठेवता का. पुढच्या अंकांसाठी एक सोपी मोजपट्टीही आहे. ‘ओळखा पाहू’चा एक फोटो अंकाच्या मधोमध, कव्हरपासून लांब छापा आणि उत्तर तुमच्या नंबरवर मागवा. छापील आणि डिजिटल, दोन्ही वाचकांकडून किती उत्तरं आली ते मोजा. निळ्या टिकांपेक्षा हा आकडा खरा.

वितरणाबद्दल एवढंच: व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ पर्यंतच नंबर बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला निरोप पोचतच नाही. अंक मिळाला नाही अशा निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं. शिवाय फाइल ग्रुपवर टाकली की सुप्रभातच्या फुलांखाली ती दोन दिवसांत गाडली जाते. म्हणून अंक मंडळाच्या साध्या संकेतस्थळावर ठेवा, ग्रुपवर त्याचा दुवा द्या आणि सोबत एकाच लेखाची चार वाक्यं टाका. ‘नवा अंक प्रसिद्ध झाला आहे’ हे वाचून कुणी काही उघडत नाही. ‘हिप्परग्याच्या तलावावर या वर्षी काय दिसलं’ म्हटलं की उघडतात.

यानंतर फाँटचा प्रश्न, आणि तुमच्या पत्रातला सगळ्यात गंभीर मुद्दा मला हाच वाटतो, जरी तुम्ही तो जाता जाता लिहिला आहे.

तुमचा मजकूर जुन्या फाँटात आहे, म्हणजे तो कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नाहीच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली आहेत. पीडीएफमधला एक शब्द कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून बघा, अगम्य चिन्हं उमटतील. असा अंक शोधता येत नाही आणि फोन तो मोठ्यानं वाचून दाखवू शकत नाही. सोलापुरात हे फार महत्त्वाचं आहे. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे, मराठी अस्खलित बोलणारे पण वाचायला कंटाळणारे सभासद तुमच्याकडेही असतील. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर आणि फोन मराठी म्हणून ओळखतात त्या संकेतांत असेल, तर फोन तो त्यांना वाचून दाखवील.

म्हणून पुढचा अंक युनिकोडमध्येच टाइप करा. मजकुराला मुक्त किंवा टिरो देवनागरी मराठी घ्या, दोन्ही फाँट मोफत आहेत. टिरोच्या मराठी आवृत्तीत ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आहेत, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श. मांडणी स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करायची तर १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती हवी, जुन्यांत जोडाक्षरं तुटतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ लावला नाही तर वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. साध्या अंकाला लिब्रेऑफिसही पुरतं.

जुन्या फाइलींसाठी तर आजच हालचाल करा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधली आहे. इनडिझाइनच्या आजच्या आवृत्त्या त्या फाइली थेट उघडत नाहीत. म्हणजे तुमचा सगळा संग्रह डीटीपी ऑपरेटरच्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या भरवशावर आहे. तो चालू आहे तोवर प्रत्येक अंकाची मूळ फाइल, त्यातले फोटो आणि वापरलेले फाँट कॉपी करून घ्या. शिवाय प्रत्येक लेखाचा मजकूर तिथूनच निर्यात करून घ्या, आणि ऑपरेटरला या कामाचे पैसे द्या. फुकटात मागितलेलं काम दिवाळीनंतरवर जातं.

तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये जातो, पण शंभर टक्के नाही. चुका ठरावीक जागी होतात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच राहते आणि ‘हिप्परगा’चं ‘िहप्परगा’ होतं. रफार सरकतो आणि ‘सूर्य’ ‘सूयर्’ होऊन बसतो. मध्ये आलेला इंग्रजी शब्द किंवा पक्ष्याचं शास्त्रीय नाव कन्व्हर्टर मराठी समजून बदलतो आणि काहीतरी भलतंच छापतो, म्हणून शास्त्रीय नावं मूळ अंक समोर ठेवूनच तपासायची. याहून फसव्या चुका डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘ॲ’ हे अक्षर एका संकेतानंही येतं, आणि ‘अ’वर अर्धचंद्र देऊनही. ‘दऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवला जातो. पडद्यावर दोन्ही एकसारखे, पण शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. एक तऱ्हा ठरवा आणि शोधा-बदला करून सगळीकडे तीच करून घ्या. आणि युनिकोडमध्ये केलेल्या पीडीएफमधूनही देवनागरी नेहमी नीट कॉपी होत नाही, कारण पीडीएफ अक्षरांची आकृती जपते, क्रम जपेलच असं नाही. म्हणून पीडीएफशेजारी प्रत्येक लेखाची साधी मजकूर-फाइलही ठेवत जा.

ज्या अंकांच्या फाइलीच उरल्या नाहीत, ते स्कॅन करावे लागतील. पिना बोथट सुरीनं उचलून काढा आणि पानं सपाट करून स्कॅन करा. मध्ये घडीची काळी सावली आली तर कडेची अक्षरं ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाहीत. मजकुराला ३०० डीपीआय ग्रेस्केल, रेखाचित्रांना ६००. निव्वळ काळा-पांढरा मोड नको, त्यात अनुस्वार उडतात. मूळ स्कॅन टिफ (दर्जा न घटवणारा फाइल-प्रकार) म्हणून ठेवा आणि वाचकांसाठी त्यावरून हलकी पीडीएफ करा. ओसीआरला टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरचा मराठी संच चालतो, किंवा एकेका पानाची प्रतिमा दोन एमबीच्या आत करून गुगल ड्राइव्हमध्ये टाका आणि गुगल डॉक्सनं उघडा. दोन कॉलमांचं पान आधी उभं कापून घ्या, नाहीतर डावीकडचं अर्धं वाक्य उजवीकडच्या अर्ध्याला जोडलं जातं. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ यांची अदलाबदल होणार, हे धरूनच चाला.

सगळे लेख शुद्ध करत बसायला तुमच्याकडे माणसं नसतील. मग निवड करा. ललित लेख नुसत्या स्कॅनमध्ये राहिले तरी चालतील, पण नोंदी आधी वाचवा. नान्नजच्या माळावर कोणत्या तारखेला किती माळढोक दिसले, उजनीच्या फुगवट्यात रोहित (फ्लेमिंगो) कधी उतरले, कंबर तलावावर कोणती बदकं येत होती, हे तुमच्या जुन्या अंकांखेरीज बहुधा कुठे लिहिलेलं नसेल. अशा प्रत्येक नोंदीची एका तक्त्यात ओळ करा: तारीख, ठिकाण, मराठी नाव, शास्त्रीय नाव, संख्या, निरीक्षक, अंक, पान. मराठी नावं गावागणिक बदलतात, शास्त्रीय नावावरून जुळणी करता येते. आकडे मात्र हातानं तपासा. ओसीआरनं २ चा ३ केला तर दोन माळढोकांचे तीन होतात, आणि या पक्ष्याच्या बाबतीत ही चूक लहान नाही.

स्कॅन म्हणजे जतन नव्हे, ती फक्त प्रत. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, असा नियम ठेवा. पेन ड्राइव्ह या हिशेबात धरू नका. क्लाउडवरचं खातं खजिनदाराच्या नावाचं नको, मंडळाचं हवं, आणि पासवर्ड दोघांकडे असावा. गुगल दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकू शकतं. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, मग महिना, मग अंक, आणि त्यात इंग्रजी अंक वापरा म्हणजे क्रम बिघडत नाही. छापील अंकांचा एक पूर्ण संच हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाला देण्याबद्दल विचारा.

आता परवानगी. जुना अंक मंडळाचा असला तरी त्यातला लेख लेखकाचा आहे. विनामोबदला लिहिलेल्या लेखाचा हक्क लेखकाकडेच राहतो, त्याच्या पश्चात ६० वर्षं वारसांकडे. अंकात एकदा छापायला दिला म्हणजे इंटरनेटवर टाकायला दिला असं होत नाही. हयात लेखकांना आणि वारसांना असा मजकूर पाठवून लेखी होकार घ्या: ‘माझे या त्रैमासिकात आलेले सर्व लेख व फोटो मंडळाने डिजिटल स्वरूपात, जगभर, कायमस्वरूपी प्रसिद्ध करण्यास माझी परवानगी आहे. हक्क माझ्याकडेच राहतील.’ ‘जगभर’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे शब्द गाळू नका. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांचीच धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. फोटोग्राफर बिचकतात, त्यांना मोठी बाजू १६०० पिक्सेलची प्रतच टाकू असं सांगा. ज्यांचा पत्ताच लागत नाही त्यांचं साहित्य तूर्त मंडळाच्या संग्रहात राहू द्या, उघड्यावर नको.

उघड्यावर टाकण्याआधी प्रत्येक जुना अंक एकदा वेगळ्या नजरेनं चाळा. तीनशे घरांत जाणाऱ्या कागदावर ‘नवे सभासद’ म्हणून पत्ते आणि फोन नंबर छापणं चालून गेलं, शोधता येणाऱ्या फाइलमध्ये चालत नाही. ती पानं झाका. तेच घरट्यांचं. ‘अमुक गावाच्या पश्चिमेला, विहिरीपासून दोनशे पावलांवर’ असं वर्णन जुन्या अंकांत सापडेलच. माळढोकासारख्या दुर्मीळ आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत उघड्या प्रतीत तालुक्यापलीकडे ठिकाण नको. पूर्ण नोंद मंडळाच्या तक्त्यात राहू द्या. नवे फोटो मूळ फाइलींसह वाटत असाल तर त्यातली जीपीएसची माहितीही काढून टाका.

शेवटी वेळापत्रक. पहिला डिजिटल अंक पावसाळ्यातला निवडा. त्यात जाहिराती सर्वांत कमी असतात, त्यामुळे फसला तरी नुकसान थोडं. त्या वेळी छापील अंकही नेहमीसारखाच जाऊ द्या, पुढच्या एका अंकालाही तसंच करा. ‘ओळखा पाहू’ची उत्तरं आणि फोनवरची उत्तरं समोर ठेवूनच सारांश-अंकाच्या प्रती किती ते ठरवा. ऑपरेटरकडे मात्र पावसाळ्याची वाट न बघता याच आठवड्यात जा, आणि जाताना रिकामी हार्ड डिस्क बरोबर न्या.